दिव्यांना टोपडी

गाडीला पुढं दोन जादा दिवे बसवायचे, एवढंच ठरलं होतं. घराची भिंत पाडायची नव्हती की विहीर खणायची नव्हती. तराजूसाहेबांनी सकाळचा चहा पिताना ही गोष्ट इतक्या सहज सांगितली, की बायकोनं पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "बसवा," ती म्हणाली. पुढं जे जे झालं त्या प्रत्येक प्रसंगी साहेबांनी हा एक शब्द सरकारी मंजुरीसारखा तिच्यासमोर धरला.

साहेब वजनमापे निरीक्षक. दुकानातला काटा खरा की खोटा हे पाहायचं आणि खरा असेल तरच त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. तो शिक्का त्यांनी कधी कुणाच्या चहावर विकला नव्हता. कॉलनीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, तराजूसाहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. त्यांच्या घरात तसबिरी सरळ असत, चपलांची टोकं एका रेषेत असत आणि मुलीनं केक कापला तर तुकड्यांवरून एक करडी नजर फिरत असे.

दिव्यांचं मूळ मात्र दाजींमध्ये होतं.

साहेबांची थोरली बहीण, ताई, डोंगरावरच्या गावात राहायची. गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला सगळे निघाले आणि घाटाच्या पायथ्याशी धुकं लागलं. साहेबांनी चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली ती काही हलेना. शेवटी ताईचे यजमान, म्हणजे दाजी, स्वतःची गाडी घेऊन खाली आले. खिडकीशी वाकून म्हणाले, "मेव्हणे, काही विचार करू नका. माझा मागचा लाल दिवा दिसतोय ना? त्याच्याकडे बघत मागं मागं या."

साहेब गेले. मागं मागं गेले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण दाजींना गोष्ट सांगण्याची कला होती, आणि जेवायला बसलेली माणसं उठून जाऊ शकत नाहीत. पहिल्या वाढपाला साहेबांनी गाडी थांबवली होती. दुसऱ्या वाढपापर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. वर्षभरात गोष्ट नातेवाइकांच्या घरोघर फिरली आणि अंगानं भरली. अलीकडच्या आवृत्तीत दाजींनी साहेबांची गाडी दोरखंडानं बांधून वर ओढत नेली होती. हा दोरखंड साहेबांच्या जिव्हारी लागला. कारण एका आत्याबाईंनी त्याची जाडीही विचारली होती.

यंदा ताईचा साठावा वाढदिवस. सगळं गोत जमणार होतं. ताईचा फोन आला, "पायथ्याशी थांब हं, हे येतील घ्यायला."

"कुणीही यायचं नाही," साहेब म्हणाले. "मी माझा येईन."

फोन ठेवला आणि त्याच भरात ते घरात बोलून गेले, "या वेळी कुणाला घ्यायला खाली यावं लागलं, तर पुन्हा म्हणून मी स्टीअरिंगला हात लावणार नाही. हिनं चालवायची गाडी."

'हिनं' म्हणजे मुलीनं. तिला नुकताच परवाना मिळाला होता. "आई, तू ऐकलंस ना?" तिनं विचारलं.

"ऐकलं," बायको म्हणाली. तिनं या वेळी पेपर खाली ठेवला होता.

दिवे घ्यायला जाताना सोबत कर्नल आले. कर्नल समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. ते कधीही सैन्यात नव्हते. पालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झाले होते. पण मिशा, काठी आणि पहाटेचा फेरफटका यांमुळे हा हुद्दा त्यांना कॉलनीनं बहाल केला होता. ते सल्ला देत नसत, आदेश देत.

दुकानदारानं विचारलं, "साहेब, लांबचं बघायचंय की जवळचं?"

आता हा प्रश्न एखाद्या मानी माणसाला विचारण्यासारखा आहे का? जवळचं बघणारा दिवा मागणं म्हणजे चारचौघांत चाळिशीचा चष्मा काढून दाखवण्यासारखं. साहेब घुटमळले. कर्नल नाही घुटमळले.

"लांबचं. समोरच्या डोंगरावरचा ससा दिसला पाहिजे."

"मला ससा नकोय, रस्ता हवाय," साहेब म्हणाले.

"ससा दिसला की रस्ता दिसतोच."

दुकानदारानं लांबचे दिवे बांधून दिले. प्रत्येक दिवा पसरट थाळीएवढा होता. धुक्याचे दिवे वेगळे असतात, छोटे असतात, ते फळीवर खालच्या बाजूला ठेवलेले होते. पण त्यांच्याकडे दोघांपैकी कुणी पाहिलंही नाही.

वायरिंगवाल्या मिस्त्रीनं दिवे कॉलनीच्या पार्किंगमध्येच येऊन बसवले. साहेब टेप घेऊन शेजारी उभे. "डावा जरासा वर आहे," ते म्हणत. मिस्त्री तो खाली घेई. "आता उजवा वर वाटतोय." मिस्त्री उजवा खाली घेई. असं करता करता दिवे नंबर प्लेटपर्यंत उतरले, तेव्हा मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"साहेब, हा दिवा आहे. काटा नाही."

"माझ्या गाडीवर आहे तोवर काटाच समजा," साहेब म्हणाले.

मग नंबर प्लेट सरकली. नंबर प्लेट सरकली म्हणून हॉर्न सरकला. हॉर्नच्या तारा कुठं गेल्या ते कळायच्या आधीच बटण दाबून पाहिलं, तर दिवे लागले नाहीत, वायपर फिरू लागले. कोरड्या काचेवर ते करकर करत राहिले आणि काही केल्या थांबेनात. गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. कर्नलांनी वरूनच तारा उलट जोडण्याचा आदेश दिला. तो मिस्त्रीनं ऐकला नाही, म्हणून थोड्या वेळानं सगळं ठीक झालं.

दिवेलागणीला चाचणी झाली. साहेबांनी बायकोला आणि मुलीला खाली बोलावलं, घसा साफ केला आणि बटण दाबलं. प्रकाश असा पडला, की समोरच्या इमारतीच्या भिंतीवरचे ओघळसुद्धा मोजता आले असते. पण तो भिंतीवरून वर वर चढत गेला आणि दुसऱ्या मजल्याच्या एका खिडकीत जाऊन शिरला. साहेब कौतुकानं बघत राहिले.

थोड्याच वेळात जिन्यात काठीचा आवाज आला. कर्नल खाली उतरले. कानटोपी, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. ते पहाटे लवकर उठायचं म्हणून संध्याकाळी उजेड असतानाच झोपत. त्यांनी पार्किंगमधल्या तिघांकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं.

"फिरायला निघालात?" मुलीनं विचारलं.

"उजाडलं म्हणून निघालो," कर्नल म्हणाले. "मला वाटलं, आज मीच उशिरा उठलो."

साहेबांना हा प्रकार फार लागला. कर्नलांची झोप मोडली म्हणून नव्हे. दिवा तिरका होता म्हणून. त्यांच्या स्वतःच्या गाडीवर काहीतरी तिरकं होतं आणि ते सगळ्या कॉलनीनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी माळ्यावरून पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे गवंडी लोक वापरतात ती पट्टी. तिच्यातल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो, आणि बुडबुडा मधोमध आला की वस्तू आडवी सरळ. साहेबांनी ती दिव्याच्या माथ्यावर ठेवली. बुडबुडा पुढच्या टोकाला पळाला.

"बघा," ते कर्नलांना म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर याच्यावर ठेवा. दिवे आभाळाकडे तोंड करून बसवलेत त्यानं."

"मिस्त्री म्हणाला होता, गाडीच्या अंगाशी सरळ आहेत."

"गाडीच्या अंगाचं मला सांगू नका. सरळ म्हणजे सरळ."

त्यांनी दोन्ही दिवे खाली झुकवले, बुडबुडा मधोमध आणला आणि बोल्ट असे आवळले, की पुन्हा ते सोडवायला मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं. कपाळावरचा घाम पुसला. त्या वेळी कर्नल काठीनं फरशी ठोकत एवढंच म्हणाले, "परवा टाकी भरून वाहिली तरी इथं थेंबभर पाणी साचलं नाही बरं का. सगळं मागच्या गटारात. तुम्ही भांडून हा उतार करून घेतलात म्हणून."

"उतार हवाच," साहेब समाधानानं म्हणाले. पार्किंगची फरशी घालताना ठेकेदार ती सपाट करायला निघाला होता. साहेबांनी तीन बैठका गाजवून तिला मागच्या बाजूला चांगला उतार देववला होता. आपलं ते काम कुणी आठवलं की त्यांना आनंद होई. त्या आनंदात, ज्या गाडीच्या दिव्यांवर आपण पाणसळ ठेवली ती गाडी त्याच उतारावर नाक वर करून उभी आहे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही.

पुढचा मुक्काम वाहन कार्यालय. जादा दिव्यांना तिथली परवानगी लागते, असं कर्नलांनी सांगितलं होतं आणि नेमकं ते खरं निघालं. खिडकीमागच्या कारकुनानं कागद पाहिले, वरचं नाव पाहिलं, मग साहेबांचा चेहरा पाहिला.

"वजनमापेवाले ना तुम्ही? बाजारपेठेतल्या किराणा दुकानाचा काटा तुम्हीच सील केला होता."

"काटा खोटा होता."

"माझ्या सासऱ्यांचा होता," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट एक प्रकारची तृप्ती होती. "ते नेहमी म्हणतात, माणूस कडक आहे पण नियमानं चालतो. मग आपणही नियमानंच चालू."

आणि ते नियमानं चालले. कारकून टेप घेऊन आवारात आला. दिव्यांची उंची, दोन दिव्यांमधलं अंतर, सगळं त्यानं मन लावून मोजलं. मोजून झाल्यावर कागदावर सही करणार, इतक्यात साहेबांच्या तोंडून गेलं, "या टेपवर पडताळणीचा शिक्का दिसत नाही."

मुलगी गाडीत बसली होती. तिनं कपाळाला हात लावला.

"बरोबर," कारकून म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. "मग हे माप धरता येणार नाही. शिक्क्याचा टेप आला की या."

त्या कार्यालयाकडे शिक्क्याचा टेप नव्हता. तो आणायचा तर पडताळणी साहेबांच्याच कार्यालयात व्हायची होती. साहेबांनी स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं, सगळे सोपस्कार पाळून कारकुनाच्या टेपवर शिक्का मारला आणि तो घेऊन पुन्हा खिडकीशी उभे राहिले. कारकुनानं टेप उलटसुलट करून शिक्का खरा असल्याची खात्री केली. मग परवानगी दिली, पण एका अटीवर. शहरात हे दिवे लावायचे नाहीत, आणि लावता येऊ नयेत म्हणून झाकलेले ठेवायचे.

झाकणं दुकानात मिळाली नाहीत. इतके मोठे दिवे कुणी घेतच नसे. मग बायकोनं मशीन काढलं. तिच्या जुन्या पिवळ्या पारदर्शक रेनकोटची बाही फाटली होती. त्याच्या पाठीतून तिनं दोन गोल कापले, कडेला चुण्या घातल्या आणि खाली बांधायला नाड्या लावल्या. चढवून पाहिले तर माप अचूक होतं. साहेबांनी टेप लावून पाहिला आणि काही बोलले नाहीत; हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र होतं.

फक्त एकच झालं. हनुवटीखाली नाड्या बांधलेल्या त्या चुणीदार पिवळ्या झाकणांमुळे गाडी टोपडं घातलेल्या तान्ह्या बाळासारखी दिसू लागली. दोन टोपडी, दोन बाळं.

"जुळी का?" कर्नलांनी विचारलं. "वारं लागू देऊ नका."

कार्यालयातल्या शिपायानं साहेब गाडीतून उतरताना हळूच विचारलं, की झोपलीत का. चौकात सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या आजीबाई गाडीकडे बघून हसल्या आणि बोटं मोडली. साहेब ताठ मानेनं समोर बघत राहिले. खोटा काटा पकडताना दुकानदारांच्या शिव्या त्यांनी शांतपणे ऐकल्या होत्या. पण ही माया त्यांना झेपत नव्हती.

ताईच्या वाढदिवसाच्या सकाळी ते निघाले. शहरात दिवे झाकलेलेच होते, त्यामुळे ते रस्त्यावर कसे पडतात हे पाहायची वेळच आली नव्हती. पायथ्याशी आले आणि समोरचा घाट दिसेनासा झाला. धुकं गेल्या वर्षीपेक्षा दाट होतं. टपरीपाशी एक एस्टी, दोन मालट्रक आणि काही मोटारी थांबल्या होत्या. टपरीवाल्यानं साहेबांना पाहिलं आणि एक ग्लास जास्तीचा विसळला.

"दाजी यायचेत ना? बसा, चहा घ्या."

"दाजी यायचे नाहीत," साहेब म्हणाले.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ताई होती. बायकोनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "दाजी निघालेत. दोर शोधतोय, अशी थट्टाही करत होते म्हणे."

साहेब खाली उतरले. आता काय ते दाजी पायथ्याला पोचायच्या आत. त्यांनी उजव्या दिव्याचं टोपडं सोडलं. डाव्याची नाडी दवानं भिजून अशी घट्ट बसली होती, की गाठ सुटेना. ती तशीच ठेवून ते आत बसले आणि बटण दाबलं.

समोर एक पांढरी चादर उभी राहिली. मघाशी जे अस्पष्ट दिसत होतं तेही गेलं. डोंगरावरचा ससा सोडाच, गाडीचं बॉनेट दिसेना. लांबचा दिवा लांब जायला निघाला होता आणि धुकं त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवत होतं.

मागच्या सीटवरून एक हात पुढं आला. "बाबा, किल्ली," मुलगी म्हणाली. तिनं ते हळू आवाजात म्हटलं, हे तिच्या बाजूनं नमूद करायला हवं.

साहेबांचा हात किल्लीकडे गेला. इतक्यात शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, माझ्या बाजूचं दिसतंय मला."

"काय दिसतंय?"

"रस्त्याची कड. तो पांढरा पट्टा. पिवळं पिवळं, पण दिसतंय."

साहेब उतरून पुढं जाऊन वाकले. डावीकडे टोपड्यातून गाळून येणारा पिवळा मंद प्रकाश धुक्याशी भांडत नव्हता. तो त्याच्या खालून जाऊन गाडीपुढच्या रस्त्यावर निवांत पसरला होता. पण इतका खाली का? दिवा सरळ असता तर प्रकाश समोर जायला हवा होता, हा नाकासमोर डांबरावर का पडतोय? साहेब दिव्याकडे बघत राहिले. मग सपाट रस्त्याकडे बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढं कॉलनीतलं पार्किंग उभं राहिलं, तिथली फरशी, मागचं गटार, तीन बैठका आणि नाक वर करून उभी असलेली गाडी. कानात कर्नलांचं वाक्य वाजलं, थेंबभर पाणी साचलं नाही.

त्यांना सगळं कळलं. हा तपशील त्यांनी तूर्त स्वतःपाशी ठेवला.

खिशातलं टोपडं काढून त्यांनी उजव्या दिव्याला पुन्हा चढवलं. नाडीची गाठ नीट मारली आणि आत बसून गाडी गिअरमध्ये टाकली. "किल्ली राहू दे," ते म्हणाले.

गाडी निघाली. वेग एखाद्या वरातीएवढा होता, पण निघाली. बायको डावीकडची कड सांगत होती, मुलगी फोनवर वळणांचा नकाशा धरून पुढचं वळण कुठल्या बाजूला ते सांगत होती आणि साहेब त्या दोन पिवळ्या गोलांवर नजर ठेवून होते. दोन वळणं झाल्यावर मुलगी मागं वळून बघत म्हणाली, "बाबा, एस्टी येतेय आपल्या मागं."

"येऊ दे."

"तिच्या मागं ट्रक आहे. त्याच्या मागं बहुतेक सगळेच आहेत."

साहेबांची पाठ सीटपासून थोडी सुटली आणि ताठ झाली. पुढच्या वळणांवर त्यांनी हात बाहेर काढून मागच्यांना खुणा केल्या. त्या कुणालाही दिसत नव्हत्या, पण त्यांनी त्या केल्या.

घाटाच्या मध्यावर, रस्ता रुंद होतो तिथं, एक मोटार कडेला उभी होती. तिचे चारी दिवे लुकलुकत होते आणि समोर पांढरी चादर पसरलेली होती. दाजी स्टीअरिंगला धरून बसले होते, आरशाजवळ एक नवा कोरा दोरखंड लटकवून. तो त्यांनी थट्टेसाठी खरंच आणला होता.

साहेबांनी गाडी शेजारी घेतली आणि काच खाली केली. हे वाक्य त्यांनी वर्षभर मनात घोळवलं होतं, आंघोळ करताना, रांगेत उभं असताना, झोप येत नसताना. पण दाजींचा पडलेला चेहरा पाहून त्यांनी ते निम्म्यावर आणलं.

"वळवून घ्या, दाजी. या मागं मागं."

दाजींनी गाडी वळवली. एस्टीच्या ड्रायव्हरनं त्यांना मध्ये जागा दिली.

जेवणाच्या पंक्तीत आत्याबाईंनी सवयीनं विचारलं, "या वेळी दोर किती जाड होता?"

सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी घास ठेवला, पाणी प्यायले. गोष्ट सांगणाऱ्या माणसाची खरी परीक्षा ती त्याच्यावर उलटते तेव्हा होते, आणि दाजी त्या परीक्षेत उतरले. "दोर मी आणला होता," ते म्हणाले, "पण बांधायची वेळ माझ्यावर आली असती. आज मेव्हण्यांनी आणलं मला. मला, एस्टीला, सगळ्या घाटाला." दुसऱ्या वाढपाला घाटात वाहनांची रांग पायथ्यापर्यंत पोचली होती. ताई साहेबांच्या पानात वाढताना म्हणाली, "लहानपणी अंधारात हा माझा पदर धरून चालायचा." ती हे रागानं नव्हे, अभिमानानं म्हणाली, म्हणून साहेबांनीही ते खपवून घेतलं.

जेवणं झाल्यावर दाजी अंगणात उभ्या गाडीभोवती दोन चकरा मारून आले. तोवर धुकं विरलं होतं. ओली टोपडी बायकोनं ताईच्या वाळवणाच्या दोरीवर चिमटे लावून टाकली होती.

"मेव्हणे, हे पिवळे दिवे कुठून मागवले? आमच्याकडे मिळत नाहीत असले."

साहेबांपुढं दोन उत्तरं होती. एक उत्तर भारदस्त होतं. पण ज्यांनी सासऱ्याच्या काट्यापासून जावयाच्या टेपपर्यंत कशावर खोटा शिक्का मारला नव्हता, त्यांना ते जमलं नाही.

"घरी शिवून घेतलेत," ते म्हणाले आणि दोरीकडे बोट दाखवलं. "हिचा रेनकोट आहे तो. हिनंच सांगितलं, दिसतंय म्हणून."

दाजी दोरीकडे बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, माझ्याही गाडीला एक जोड करून द्याल?"

"देईन की," बायको म्हणाली. "रेनकोटाचा पुढचा भाग शिल्लक आहे. पण दिवे खाली झुकलेले लागतात बरं का. ते यांनाच जमतं."

साहेबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती टोपड्याची चुणी सरळ करण्यात गुंतलेली होती. तिला किती माहीत होतं ते त्यांना कधीच कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

"माप मी घेतो," ते म्हणाले आणि गाडीतून टेप आणि पाणसळ काढून घेऊन आले. दाजी आपल्या गाडीच्या दिव्यापाशी वाट बघत उभे राहिले. साहेब मात्र गाडीपासून दोन पावलं अलीकडे थांबले, गुडघे टेकले आणि पाणसळ अंगणाच्या फरशीवर ठेवली.

"बाबा, दिवे वर आहेत," मुलगी म्हणाली. "जमीन कशाला मोजतोयस?"

"असू दे," बुडबुड्यावरची नजर न काढता तराजूसाहेब म्हणाले. "आधी जमीन."